वाऱ्याचे देणे : वनकुसवड्याच्या पठारावरील एक हिशेब

समाजमाध्यमांवर गेली कित्येक वर्षे एक मजकूर फिरतो आहे. पवनचक्कीचे चित्र, आणि त्याखाली आकडे : दोन मेगावॅटच्या एका पवनचक्कीत २६० टन पोलाद असते, त्यासाठी ३०० टन लोहखनिज व १७० टन कोकिंग कोळसा लागतो, आणि हे सारे उकरायला, वाहायला, वितळवायला खनिज इंधनच जाळावे लागते. निष्कर्ष असा की, पवनचक्की मोडून पडेपर्यंत फिरली तरी तिच्या घडणीत गेलेली ऊर्जा तिच्याकडून परत मिळणार नाही. खाली नाव एका कॅनेडियन प्राध्यापकाचे, थॉमस होमर-डिक्सन यांचे.

हा दावा खरा असेल तर सह्याद्रीच्या माथ्यावर गेली पंचवीस वर्षे चाललेला उद्योग म्हणजे कोळसा जाळून वारा विकत घेण्याचा प्रकार ठरतो. कोल्हापूरहून कराडमार्गे पाटणला जावे आणि तेथून घाट चढून वनकुसवड्याच्या पठारावर यावे. खाली कोयनेचा शिवसागर आणि वर मैलोन्‌मैल पवनचक्क्या. शिराळ्याच्या अंगाला गुढे-पाचगणीच्या पठारावर, कवठेमहांकाळकडे ढालगावच्या माळावरही त्याच उभ्या आहेत. त्यांनी आपले देणे फेडले की नाही, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो बराचसा इतिहासाचा आहे. हा धागा त्याविषयी.

प्रथम साधनचिकित्सा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला बखरीतला उतारा कोणी दाखवला तर तो आधी विचारतो : मूळ पोथी कोणती, आणि उताऱ्याच्या आधी-नंतर काय आहे? हाच नियम येथे लावावा. हा मजकूर २००९ साली कॅनडात प्रसिद्ध झालेल्या ‘कार्बन शिफ्ट’ या निबंधसंग्रहातला आहे. होमर-डिक्सन हे त्या संग्रहाचे संपादक. निबंध लिहिणारे वेगळे, डेव्हिड ह्यूज नावाचे भूवैज्ञानिक, ज्यांची हयात कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गेली. म्हणजे पहिली चूक कर्तृत्वाचीच.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ह्यूज यांनी पोलाद व कोळशाचे आकडे दिल्यानंतर एक प्रश्न विचारला होता : पवनचक्कीने किती काळ वीज दिली म्हणजे तिच्या घडणीतली ऊर्जा भरून निघेल? उत्तरात त्यांनी दोन बाजू मांडल्या. वाऱ्याची जागा चांगली असेल तर तीन वर्षांत किंवा त्याहून लवकर. जागा वाईट असेल तर कदाचित कधीच नाही. फिरणाऱ्या मजकुरात आकडे ठेवले, ‘कधीच नाही’ ठेवले आणि मधले ‘जागा चांगली असेल तर’ कापून टाकले. होमर-डिक्सन यांनी पुढे जाहीर खुलासाही केला. पण खुलाशाला चित्र नव्हते, आणि चित्राशिवाय मजकूर फिरत नाही.

कापलेल्या त्या वाक्यात एक शब्द महत्त्वाचा होता : जागा. पुढील सारी गोष्ट त्या शब्दाची आहे.

मात्र आधी हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे, कारण मूळ पाठ सापडला म्हणून तो पाठ खरा ठरत नाही. कोल्हापूरकरांना हा हिशेब जड जाऊ नये. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत, त्याआधी उद्यमनगरात, लोखंड वितळवून पिढ्या वाढल्या आहेत. एक टन बीड वितळवायला विजेच्या भट्टीला साधारण सहाशे युनिट लागतात, हे तेथील फौंड्रीवाल्याला पुस्तक न उघडता ठाऊक असते. महिनाअखेरचे वीजबिल त्याला ते शिकवते. फरक एवढाच की, खनिजापासून नवे पोलाद करायचे तर भंगार वितळवण्याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. ठोकळमानाने टनाला २५ गिगाज्यूल धरतात.

आता त्याच दोन मेगावॅटच्या यंत्राचे पाहू. २६० टन पोलादाचे सुमारे ६,५०० गिगाज्यूल. पायासाठी हजारेक टन काँक्रीट. त्याचे आणखी १,०००. पाती काचतंतू आणि राळेची असतात. हा माल वजनाला हलका, पण घडवायला महाग. पंचवीस टन धरले तर अडीच हजार. तांबे, वाहतूक, क्रेन, वीस वर्षांची देखभाल यांसाठी ढोबळ दोन हजार. एकूण बारा हजार गिगाज्यूल, म्हणजे सुमारे ३३ लाख युनिट. पवनचक्कीच्या नावावर फिरण्याआधीच लिहिले गेलेले हे कर्ज.

परतफेडीची बाजू अशी. पवनचक्की वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. पूर्ण क्षमतेच्या २० टक्के वीज मिळाली तर दिवसाला सरासरी ९,६०० युनिट आणि वर्षाला ३५ लाख होतात. कर्ज अकरा-बारा महिन्यांत फिटते. वारा उत्तम असेल आणि हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले तर आठ महिन्यांच्या आत. रडतखडत १२ टक्केच मिळाले तरी दीड-पावणेदोन वर्षांत. यंत्राचे आयुष्य वीस वर्षांचे.

कोळशाचाच हिशेब वेगळा करून पाहण्यासारखा आहे, कारण मजकुराचा सारा परिणाम त्या १७० टनांवर उभा आहे. हा कोळसा पोलादासाठी न वापरता औष्णिक केंद्रात जाळला असता तर किती वीज मिळाली असती? साधारण सव्वाचार-साडेचार लाख युनिट. २० टक्क्यांवर चालणारे यंत्र एवढी वीज दीड महिन्यात देते.

येथे एक मेख आहे, आणि या विषयावरचे निम्मे वाद तिच्यातून निघतात. खर्चाच्या बाजूला आपण उष्णता मोजली आणि जमेच्या बाजूला वीज. दोन्ही एकाच मापाने मोजल्या खऱ्या, परंतु त्या एकाच मोलाच्या नाहीत. औष्णिक केंद्रात वीजेचा एक युनिट काढायला उष्णतेचे सुमारे तीन युनिट खर्ची पडतात. म्हणून पवनचक्कीच्या एका युनिटाने उष्णतेचे तीन युनिट वाचवले असे मानले, तर परतफेडीचा काळ वर्षावरून चार महिन्यांवर येतो. डेन्मार्कच्या पवनऊर्जा-उद्योगाच्या संघटनेने १९९७ साली दोन ते तीन महिने असा आकडा प्रसिद्ध केला, त्यामागे अशीच मोजणी होती. शिवाय डेन्मार्कचा वारा होता, आणि प्रसिद्ध करणारी संघटना उद्योगाची होती हेही विसरू नये. बखर कोणाच्या पदरी लिहिली गेली हे पाहण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

त्यातल्या त्यात विश्वासार्ह साधन म्हणजे २०१० साली इडा कुबिशेव्स्की, कटलर क्लीव्हलँड आणि पीटर एंड्रेस यांनी केलेले संकलन. १९७७ ते २००७ या तीस वर्षांतली पन्नास विश्लेषणे आणि ११९ यंत्रे त्यांनी एकत्र मांडली. सर्वांची सरासरी घेतली तर घातलेल्या ऊर्जेच्या पंचवीसपट ऊर्जा परत येते. कागदावरचे अंदाज वगळून प्रत्यक्ष चाललेली यंत्रेच घेतली तर हा आकडा वीसच्या किंचित खाली, १९.८ वर उतरतो. दोहोंमधली तफावत बोलकी आहे : कागदावरचा वारा नेहमीच थोडा जास्त वाहतो. यंत्र जितके मोठे तितका परतावा अधिक, हेही त्यांना आढळले. आपल्या पठारांवरची जुनी यंत्रे लहान आहेत, ते या संदर्भात ध्यानात ठेवावे.

हिशेबाची वेस कोठे आखायची, हा प्रश्नही जुनाच आहे. पठारापर्यंत केलेला रस्ता पवनचक्कीच्या खर्चात धरायचा का? तो रस्ता नंतर गावेही वापरतात. कामगारांच्या भाकरीतली ऊर्जा? ती सहसा धरत नाहीत. कोल्हापूरच्याच उदाहरणावरून अडचण स्पष्ट होईल. शाहू महाराजांनी १९०७ साली भोगावतीवरच्या धरणाची योजना आखली आणि पुढच्या वर्षी काम सुरू झाले. आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या नावाने वसवलेल्या राधानगरीजवळचे हे धरण. १९१८ च्या सुमारास पैशाअभावी ते अर्ध्या उंचीवर थांबले. भिंत पुरी होऊन तेथे वीजघर चालू व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडले. या धरणाचा ऊर्जा-परतावा काढायचा तर चुन्याच्या भट्टीतले सरपण धरावे लागेल, दगड ओढणाऱ्या बैलांची वैरण धरावी लागेल; आणि अर्धवट भिंतीत जवळपास चार दशके अडकून राहिलेली ती ऊर्जा कोणत्या वहीत लिहायची, याचे उत्तर कोणत्याही सूत्रात नाही. पवनचक्कीचे या बाबतीत बरे असते. ती काही आठवड्यांत उभी राहते आणि जोडणी होताच फेडू लागते.

आता जागेकडे येऊ.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला चार मीटरऐवजी सहा मीटर वेगाचा वारा असेल तर वेग दीडपट, पण शक्ती जवळजवळ साडेतीनपट. पोलाद मात्र दोन्ही ठिकाणी तेवढेच लागते. म्हणून एकाच कारखान्यातून निघालेली दोन यंत्रे, एक डोंगरमाथ्यावर आणि दुसरे दोन मैलांवरच्या खोलगटात उभे केले, तर एक सावकाराला वर्षात मोकळे होते आणि दुसरे देणेकरीच राहते.

भारतात वाऱ्याची ‘चांगली जागा’ असते, हेच मुळी फार काळ ठाऊक नव्हते. हवामान खात्याची वेधयंत्रे बहुधा वस्तीजवळ, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असत. त्यांच्या नोंदी पाहून हा देश मंद वाऱ्याचा आहे अशी समजूत झाली. ती मोडण्याचे श्रेय प्रामुख्याने अण्णा मणी यांचे. केरळात जन्मलेल्या या शास्त्रज्ञ स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. पाऊसमापकापासून वातमापकापर्यंतची उपकरणे देशातच घडावीत यासाठी त्यांनी तेथे कार्यशाळा उभी केली. १९८३ साली डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ सिद्ध केला. निवृत्तीनंतर, ज्या वयात माणसे नातवंडांत रमतात त्या वयात, त्यांनी देशभर निवडक जागी मनोरे उभारून वारा मोजण्याचे काम हाती घेतले. खिंडी, पठारे, किनारे. आज पठारावर यंत्र कोठे रोवायचे हे ज्या नकाशांवरून ठरते, त्यांची मुळे या कामात आहेत. पाठ्यपुस्तकांत हे नाव अधिक ठळक असायला हवे होते.

सह्याद्रीचा वारा मात्र सरळ नाही. वनकुसवड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच. त्या उंचीवर हवा विरळ होते आणि तेवढ्याच वेगात शक्ती दहाएक टक्क्यांनी कमी भरते. दुसरे म्हणजे येथला वारा मोसमी आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा पदरात पडतो, उरलेला काळ बराचसा वाट पाहण्यात जातो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको : खरीप साधला तर वर्ष साधले.

हे लक्षात ठेवून पुढचा भाग वाचावा.

महाराष्ट्रातल्या पहिल्या पवनचक्क्या घाटावर नव्हे, कोकणात आल्या. १९८६ च्या सुमारास केंद्र सरकारने प्रात्यक्षिकासाठी देशाच्या किनाऱ्यांवर छोटी, ५५ किलोवॅटची डॅनिश यंत्रे उभारली. देवगड त्यांतलेच एक ठिकाण. घाटमाथ्यावरची लाट आली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस. वीजबिलाने जेरीस आलेले गुजरातचे कापड-उद्योजक तुलसी तांती यांनी १९९५ साली सुझलॉन ही कंपनी काढली आणि पुढे तिचे मुख्यालय पुण्यात आणले. साडेतीनशे किलोवॅटची यंत्रे घाट चढून वनकुसवडे, चाळकेवाडीच्या सड्यांवर पोहोचू लागली. काही वर्षांत तेथला पवनऊर्जा प्रकल्प आशियातल्या मोठ्या प्रकल्पांत गणला जाऊ लागला.

ही यंत्रे विकत घेणारे मात्र वीज कंपन्या नव्हते. घेत होते वाहन बनवणारे, कापडवाले, रसायनवाले. त्यांना वाऱ्याचे प्रेम अचानक का आले?

उत्तर प्राप्तिकर कायद्यात आहे. पवनचक्कीला त्या काळी पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे. म्हणजे दोन कोटींचे यंत्र घेतले की दोन कोटींचा नफा त्या वर्षी करपात्र उरत नाही. करदर ३५ टक्के धरला तर सत्तर लाखांचा कर त्या वर्षापुरता टळतो. वर राज्याच्या विक्रीकरातील सवलत. या सवलतींचा हिशेब यंत्राच्या किमतीवर होता. त्याने किती युनिट दिले यावर घसारा अवलंबून नव्हता.

कायद्यात आणखी एक कलम होते, आजही आहे. मालमत्ता त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापरात असेल तर घसारा निम्मा. मार्चअखेरपासून १८० दिवस मागे मोजले की सप्टेंबरची अखेर येते. त्यामुळे यंत्र ३० सप्टेंबरपूर्वी चालू करण्याची घाई व्हावी हे ओघानेच आले. आता पठाराचे पंचांग आठवावे : सप्टेंबर संपतो तेव्हा वारा संपलेला असतो. अख्खा मोसम हुकलेले यंत्रही करदात्याला पूर्ण फळ देऊन जात होते. कायदा लिहिणाऱ्यांनी वर्ष एप्रिल ते मार्च असे मोजले. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

‘जागा’ या शब्दाचे खरे मोल येथे कळते. सवलत यंत्र उभारण्याला असेल तर उत्तम जागा शोधण्याची, गिअरबॉक्स बिघडल्यावर तातडीने क्रेन आणण्याची, वीजवाहिनी वेळेत मिळवण्याची ओढ सैल होते. वर मांडलेला हिशेब सांगतो की, साधारण जागी चालते यंत्रदेखील दोन वर्षांच्या आत ऊर्जेचे कर्ज फेडते. ह्यूज यांचे ‘कधीच नाही’ खरे व्हायचे, तर जागा फारच वाईट हवी किंवा यंत्र बंद पडून राहायला हवे. आणि अशा यंत्रावरही मालकाचा पैसा वसूल होऊ शकतो, अशी तरतूद आपल्याच कायद्याने करून ठेवली होती. फिरत्या मजकुरात अभियंत्यांवर ठेवलेला ठपका वस्तुतः करसल्लागारांच्या दिशेने वळायला हवा.

राज्यकर्त्यांच्या हे ध्यानात आले नाही असे नाही. सुधारणा हळूहळू झाली. २००३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पवनऊर्जेचे दर ठरवून दिले. त्या वर्षाच्या एप्रिलनंतरच्या प्रकल्पांना युनिटमागे साडेतीन रुपये आणि दरवर्षी पंधरा पैशांची वाढ. विकलेल्या युनिटाला खात्रीचा भाव मिळाला. १०० टक्के घसारा ८० वर आला. २००९ च्या डिसेंबरात केंद्राने प्रत्यक्ष निर्मितीवर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन जाहीर केले : घसारा घ्या किंवा हे घ्या, दोन्ही नाही. त्याच वर्षी केंद्रीय आयोगाने वाऱ्याच्या घनतेनुसार जागांचे वर्ग पाडले. सर्वांत दुबळ्या वर्गाकडून २० टक्के निर्मिती अपेक्षित, सर्वांत सबळ वर्गाकडून ३०. चांगल्या जागेला दर कमी, दुबळ्या जागेला जास्त. अण्णा मणींच्या मनोऱ्यांनी मोजलेला वारा अखेर दरपत्रकात उतरला, तोवर पठारावरच्या कित्येक यंत्रांचे अर्धे आयुष्य सरत आले होते. २०१२ साली घसाऱ्याची खास सवलत काढली, २०१४ मध्ये परत दिली, २०१७ पासून ४० टक्क्यांवर आणली. हा लपंडाव मात्र समर्थनीय नव्हता. प्रत्येक वळणावर नवी उभारणी आधी धावली आणि मग थबकली.

दरम्यान पायथ्याच्या गावांत वेगळाच हिशेब चालू होता. २००३-०४ च्या दुष्काळात सांगली-साताऱ्याकडे अशी समजूत पसरली की, पवनचक्क्या ढग पांगवतात आणि पाऊस पळवतात. मोसमी पाऊस हजारो किलोमीटर पसरलेल्या यंत्रणेतून येतो. डोंगरावरच्या पात्यांना तो अडवता येत नाही. समजूत चुकीची होती. तिच्या मुळाशी असलेली तक्रार मात्र निराधार म्हणता येत नाही : डोंगर आमचा, वारा आमच्या माथ्यावरचा, वीज तारेने दूर जाते आणि सवलत कोणा परगावच्या कंपनीच्या ताळेबंदात जमा होते. त्या तक्रारीला भाषा सापडली ती पावसाची.

पठाराने काय दिले, याचीही एक नोंद झाली आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीच्या सड्यावर केलेले संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी झाले होते. त्यामुळे ‘सरडा सुपर्बा’ या निळ्या-नारिंगी गळपंख्याच्या सरड्यांची संख्या वाढली. पण हे सरडे अंगाने किरकोळ होते, आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळत नव्हते. माथ्यावरचा शिकारी नाहीसा झाला की खालची सारी उतरंड बदलते. गिगाज्यूलच्या वहीत या सरड्याला रकाना नाही. ऊर्जा फिटली म्हणजे सारे फिटले असे नव्हे, हे या संशोधनाने फार थोड्या पानांत दाखवून दिले.

आता त्या पहिल्या लाटेतली यंत्रे पंचविशी गाठत आहेत. २०१६ साली केंद्राने जुनी लहान यंत्रे उतरवून त्याच जागी मोठी बसवण्याचे धोरण आणले, २०२३ मध्ये ते सुधारले. कारण उघड आहे : पहिल्या पिढीला सर्वांत चांगल्या जागा मिळाल्या आणि त्या जागांवर आज सर्वांत लहान यंत्रे उभी आहेत. साडेतीनशे किलोवॅटचे यंत्र २० टक्क्यांवर चालले तर वर्षाला सहा लाख युनिट देते. त्याच वाऱ्यात दोन मेगावॅटचे यंत्र ३५ लाख. परंतु प्रत्येक यंत्राचा मालक वेगळा, जमिनीचे करार वेगळे, वीजखरेदीचे करार वेगळे. करसवलतीने शेकडो मालक जमवले खरे. आता त्यांना एका मेजाभोवती बसवणे हेच मोठे काम झाले आहे.

मनोरे उतरवल्यावर पोलादाचे भंगार होईल, आणि त्यातली बरीचशी ऊर्जा वाचेल. मजकुरातल्या त्या २६० टनांचे उदाहरण घेतले, तर केवळ वितळवण्यासाठी कोल्हापुरातल्या भट्टीच्या मापाने दीड लाख युनिटांच्या आसपास, म्हणजे दोन मेगावॅटच्या यंत्राची सोळा-सतरा दिवसांची कमाई. तांब्याला तर गिऱ्हाईक आपणहून येते. पाती वितळत नाहीत. काचतंतू आणि राळ एकदा जमून बसली की त्यांना सोडवणे कठीण, त्यामुळे ती कापून सिमेंटच्या भट्टीत जाळणे किंवा पुरणे हेच मार्ग सध्या हाताशी आहेत. काँक्रीटचे पाये जांभ्यात खोल रुतलेले आहेत. ते उकरायला पुन्हा डिझेल लागेल. बहुतेक ठिकाणी ते तसेच राहतील, आणि सड्यावरची माती पावसाळ्यागणिक त्यांच्यावर थोडी थोडी चढत जाईल.